टोपी ठेवलेला खण

बायकोचा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक लॅपटॉप उघडून बसली. मला राग आला. आईची राख अजून निवली नाही आणि ही बटणं बडवायला लागली. पण तिचंही खरं होतं, सुट्टी संपली होती आणि पुण्याला परत जाईपर्यंत काम इथूनच करायचं होतं. घर खायला उठलं होतं म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

पडदा सगळा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं कुठं गेली, मी विचारलं. ती म्हणाली, ती लांबच्या एका मशीनवर काम करतेय, तिथं चित्रं नसतात, लिहूनच आत जावं लागतं. खोलीत खोली, त्या खोलीत कपाट, कपाटात खण. नवखा माणूस एका खणातून दुसऱ्या खणात जायला दर वेळी दारापासूनचा सगळा पत्ता लिहीत बसतो. ती तसं करत नाही. दोन टिंबं दिली की एक पायरी बाहेर येते. लांबलचक पत्त्याला तिनं दोन अक्षरांची नावं ठेवलीत. आणि एक आडवी रेघ दिली की मघाशी जिथं होती तिथं परत.

"मघाशी जिथं हुती तिथं?" मी विचारलं.

"हो आबा. आपण कुठून आलो ते त्याच्या ध्यानात असतं."

मी उठून ओसरीवर गेलो. ती मागून आली, तिला वाटलं मला काही लागलं बोललेलं. मी तिला म्हणालो, हे सगळं मी तुझ्या जन्माच्या आधी केलंय, एका टोपीवर. तिला खरं वाटेना. मग जरा सांगितलं, सगळं नाही सांगितलं. तर म्हणाली लिहून काढा. माझी शाळा तिसरीपर्यंत. वेलांट्या ती नीट करील, बाकी जसं आहे तसं राहू दे असं तिला बजावून ठेवलंय.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या रानात पेरलेलं उगवलं नाही आणि उगवलेलं वाळलं, ते सगळ्यांचंच झालं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी तालुक्याच्या कचेरीत रोजंदारीवर लागलो. कोणता तालुका ते लिहीत नाही. काम रेकॉर्ड रूममध्ये, कागदांचे रुमाल काढायचे आणि ठेवायचे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, जुने कागद लाल फडक्यात बांधून केलेलं गाठोडं. आम्ही दोघं नवराबायको तिथंच एक खोली घेऊन राहायचो. सातवा लागला तेव्हा ती तिसगावला माहेरी गेली, पहिलं बाळंतपण माहेरालाच असतंय. एसटीत बसताना एकच बोलली.

"शनवारच्या शनवार या. बाकी मी काय मागत न्हाई."

मी हो म्हणालो. त्यात अवघड काय होतं? शनिवारी कागद मागणाऱ्यांच्या चिठ्ठ्या संपल्या की सुटी. पाचाची एसटी तिसगावला सव्वासहाला पोचायची. त्याच्यानंतर गाडी नव्हती. म्हणजे पाचच्या आत कचेरीतून बाहेर पडायचं, एवढंच.

एवढंच जमेना.

ती खोली सांगतो. लांबट, कौलारू, दोन्ही टोकांना एकेक खिडकी, मध्ये अंधार. लाकडी मांडण्यांच्या सहा रांगा. एका रांगेत दहा-बारा गावं, दर गावाला एक खण, खणात पाच-सहा रुमाल, रुमालात वर्षावर्षाचे कागद. रांगा भिंतीला चिकटलेल्या, म्हणून तिसऱ्या रांगेतून चौथीत जायचं तर पुढं दारापर्यंत येऊन वळून आत जावं लागे. दारात टेबल, टेबलाशी रेकॉर्डकीपर. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांचा बाप कारकून, आजा कारकून. माणूस लबाड नव्हता, चहासुद्धा कुणाचा घेत नसे. पण एकदा कधीतरी त्यांच्या हाताखालून कागद गहाळ झाला होता, पार चौकशीपर्यंत गेलं होतं, तेव्हापासून त्यांनी एक पद्धत घातली होती.

एक चिठ्ठी, एक फेरी. चिठ्ठी त्यांनी वाचायची, मी मोठ्यानं म्हणायचं: रांग अमुक, गाव तमुक, रुमाल कितवा. मग आत. रुमाल काढून टेबलावर आणायचा, ते सोडणार, कागद बघून नंबर उतरवून घेणार, परत बांधणार. मी आत जाऊन जागेवर ठेवणार, बाहेर येऊन "ठेवला" म्हणणार. मग दुसरी चिठ्ठी. दुसरी चिठ्ठी शेजारच्याच खणातली असली तरी पहिल्यापासून. मी एकदा म्हणालो, भाऊसाहेब, दोन्ही चिठ्ठ्या एकाच गावच्या आहेत, एकदम आणतो. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू काय पोस्टमन आहेस, एका फेरीत सगळं गाव उरकायला?"

व्हरांड्यातली माणसं हसली. मला त्या चष्म्यावर पाय द्यावासा वाटला.

आणि कागद मागायला माणसं किती. सरकारनं दुष्काळी कामं काढलेली, रस्ते, पाझर तलाव. जिथं तलाव तिथं कुणाची तरी जमीन जाणार, आणि जमीन म्हटली की आज्याच्या वेळचा कागद पाहिजे. दिवसाला वीस-वीस चिठ्ठ्या. मला वाचता यायचं, पण अडखळत. अंधारात रुमालावरची चिठ्ठी, त्यावरचं वळणदार जुनं अक्षर, निम्मं कसरीनं खाल्लेलं. दुसरा मिनिटात काढील तो रुमाल काढायला मला दहा लागायचे. पहिले चार शनिवार गेले. दर वेळी मी आतल्या अंधारात आणि बाहेर स्टँडवर पाचाच्या गाडीचा हॉर्न. स्टँड कचेरीच्या मागच्या अंगालाच, हॉर्न साफ ऐकू यायचा. चौथ्या शनिवारी मी हातातला रुमाल मांडणीवर असा आपटला की वरची धूळ सगळी तोंडात गेली. काम सोडायची सोय नव्हती. माझ्या जागेवर यायला व्हरांड्यात दहा जण उभे होते.

मग मी डोकं चालवलं.

खोलीत तिच्या वाकळेच्या चिंध्यांचं बोचकं पडलं होतं. शिवायला काढलेलं, अर्धवट राहिलेलं. त्यातल्या रंगीत पट्ट्या फाडून घेऊन गेलो आणि ज्या गावांच्या चिठ्ठ्या रोज यायच्या त्यांच्या खणांना एकेक बांधली. तलावाच्या दोन गावांना हिरवी, रस्त्यावरच्याला लाल, एका भांडखोर गावाला तिच्या जुन्या लुगड्याचा निळा काठ. आता वाचायचं कामच उरलं नाही. भाऊसाहेबांना सांगितलं, उंदरं भ्यावीत म्हणून बांधलंय. त्यांना ते पटलं, मला अजून नवल वाटतं.

तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मधे मागच्या टोकाला एक फळी ढिली होती. ती काढून ठेवली आणि आडवा होऊन पलीकडं जायला लागलो. दारापर्यंतचा वळसा वाचला. पोट सोलायचं, पण वेळ वाचायचा. सकाळी व्हरांड्यात हिंडून कोण कुठल्या गावचा ते विचारून ठेवायचो, म्हणजे भाऊसाहेबांच्या चिठ्ठ्या निघायच्या आधीच मला आतला रस्ता ठाऊक. ते टेबलावर नंबर उतरवत बसले की मी गुपचूप आत जाऊन पुढचा रुमाल हुडकून ठेवायचो.

पण एक घोळ व्हायचा. पुढचा हुडकायला गेलो की आधीचा कुठून काढला ते विसरायचो. रुमाल सगळे सारखे लाल, एकाच धुळीचे. मग मी टोपी ठेवायला लागलो. रुमाल काढला की त्या मोकळ्या जागेत डोक्यावरची टोपी. आता कुठंही जा, परत यायचं तर टोपी शोधायची. पांढरी टोपी अंधारात लांबून दिसते. रुमाल ठेवायचा, टोपी डोक्यावर घालायची, बाहेर येऊन "ठेवला" म्हणायचं.

पाचवा शनिवार मला मिळाला. साडेचारला बाहेर. तिसगावला उतरलो तर ती स्टँडवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी, तिची धाकटी चुलत बहीण सोबतीला. चारही शनिवार ती अशीच येऊन परत गेली होती, ते मला त्या बहिणीनं सांगितलं. ती तसलं काही बोलली नाही. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "कंच्या गावची माती लावून आला वो?"

"समद्याच गावची," मी म्हणालो.

ती हसली. तांब्यातलं पाणी प्यायला द्यायच्या आधी तोंडावर घ्यायला लावलं. चिंध्यांचं सांगितलं तर वाकळ फाडली म्हणून भांडली, आणि टोपीचं सांगितलं तर म्हणाली, कागुद हरवला तर हरवू द्या, टोपी हरवू नका, लग्नात माझ्या बापानं दिलेली हाय ती.

सहावाही मिळाला.

सातव्या शनिवारी अकरा चिठ्ठ्या होत्या. साडेतीनला नऊ झालेल्या. मी मनात गाडीत बसलोसुद्धा होतो. दहाव्या चिठ्ठीचा रुमाल काढला, त्याच्यावरची गावाची चिठ्ठी कसरीनं पार खाऊन टाकलेली. नेहमीचा होता म्हणून मला हातानं सापडला. त्या जागी टोपी ठेवली, रुमाल टेबलावर दिला, भाऊसाहेब लिहायला लागले. मी अकराव्याच्या तयारीला मागच्या फळीतून पलीकडं सरपटत गेलो. ते मला हाक मारत होते म्हणे. मला ऐकू आलं नाही. तर आयुष्यात कधी नाही ते हा माणूस खुर्चीतून उठून स्वतः आत गेला.

मी आतून बाहेर येतोय तर भाऊसाहेब टेबलाशी, आणि दाराशेजारच्या खुंटीला माझी टोपी. झटकून, नीट घडी पाडून टांगलेली.

"धुळीत टाकतात होय रे टोपी?" ते म्हणाले. "माणसाची टोपी आहे ती. पुसायचं फडकं नाही."

मी विचारलं, कुठून उचलली. ते म्हणाले, आत, कुठल्याशा खणातून. रांग कोणती? ते आठवायला लागले. तिसरी असेल. का चौथी. त्यांना मला शोधायचं होतं, रांगा कुठं मोजल्या होत्या. शिवी तोंडापर्यंत आली होती, पण देऊ काय? त्यांनी माझी इज्जत उचलून खुंटीला ठेवली होती. दुसरं कुणी असतं तरी तेच केलं असतं. मीसुद्धा.

आता तो रुमाल कुठं ठेवायचा? एरवी मोकळी जागा एकच असते, तिथं सारला की झालं. पण त्या आठवड्यात दोन डझन रुमाल नगरला मोठ्या कचेरीत गेलेले, जिकडंतिकडं भोकं. आणि रुमाल जागेवर गेल्याशिवाय टेबल बंद होणार नाही, ही पद्धत. मी नेहमीचा म्हणत होतो, पण हातानं सापडलेलं हाताला नेमकं तेव्हा आठवेना. फळीतून ये-जा करून माझ्या डोक्यात तिसरी आणि चौथी एक झालेली. कंदील घेऊन एकेका खणाची पाटी वाचत निघालो. मी, तिसरी शिकलेला. भाऊसाहेबही मागून आले, चष्मा हातात धरून, त्यांनाही वाईट वाटत असावं. त्यांनी पाट्या वाचायच्या, मी भोकं बघायची. साडेचार झाले. पावणेपाच. मी म्हणालो, भाऊसाहेब, कुठंतरी ठेवतो, सोमवारी लावतो. त्यांनी पुढची पाटी वाचली.

हॉर्न वाजला. गाडी स्टँडातून निघून पुलावर गेली तोपर्यंतचा आवाज मी ऐकला. मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "जा तू आता. सोमवारी बघू."

गाडी गेल्यावर. मी गेलोच नाही, चिडून तिथंच खाली बसलो. बसलो म्हणून कंदील खाली आला आणि फळीवर उजेड आडवा पडला. माझ्या तोंडासमोरच्या खणात धुळीनं भरलेल्या फळीवर टोपीएवढी जागा पुसलेली होती. तासभर पाट्या वाचत होतो. फळीकडं बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

रुमाल तिथं कोंबला आणि तसाच स्टँडवर पळालो, एखादा ट्रक मिळेल म्हणून. मिळाला नाही. डोक्याला हात लावला तेव्हा कळलं, टोपी खुंटीलाच. परत गेलो तर कचेरीला कुलूप, भाऊसाहेब किल्ली घेऊन घरी, आणि उद्या रविवार. सकाळी रेशनच्या मिलो ज्वारीच्या पोत्यांचा एक ट्रक त्या बाजूला चालला होता, त्यात बसून गेलो. बोडकाच.

सासऱ्याच्या दारात पोचलो तर ओट्यावर चार माणसं बसलेली. सासरा, मेहुणा, भावकीतले दोघं. कुणी उठलं नाही. मेहुणा म्हणाला, "आलास? बस." मला वाटलं, शनिवार चुकवला म्हणून राग धरलाय. मी बसलो. सासूनं पाणी आणून ठेवलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. कुणी बोलेना, म्हणून मी उगीच सांगायला लागलो. कचेरीत घोळ झाला, टोपी तिथंच राहिली, बोडकाच आलो बघा, मामा. जरा हसूनच सांगितलं.

सासऱ्यानं मेहुण्याकडं बघितलं. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्या चौघांच्याही डोक्यावर काही नव्हतं.

"तुला सायकलवाला भेटला न्हाई?" मेहुण्यानं विचारलं.

कोण सायकलवाला, मी म्हणालो.

आमच्याकडं घरात माणूस गेल्याशिवाय कुणी बोडक्यानं गावात येत नाही. मला तसा येताना बघून त्यांना वाटलं, पहाटे सायकलवर धाडलेला माणूस मला भेटला, मला सगळं कळलंय, म्हणून सांगायचं कुणी ठेवलंच नव्हतं. तो माणूस रस्त्यात कुठंतरी माझ्या ट्रकच्या बाजूनं गेला असणार. शनिवारी दुपारी ती मोकळी झाली होती, दिवस भरायच्या आधीच. पोरगी झाली. सुईणीनं तेव्हाच मान हलवली होती. संध्याकाळी जावई येणारच आहे, मग कशाला निरोप, असं त्यांनी ठरवलं. सव्वासहाची गाडी आली, मेहुणा बघून परत आला. दिवे लागायच्या वेळेला पोरगी गेली. तेवढ्या लहान जिवाला घरात ठेवत नाहीत, मेहुण्यानंच नेऊन पुरलं.

पाचाची गाडी मिळाली असती तर पोरगी मला घटकाभर मिळाली असती.

मी आत गेलो. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी जवळ बसलो तेव्हा वळली आणि माझ्या डोक्याकडं बघितलं. टोपी कुठंय, शनिवारी का आला नाही, काहीच विचारलं नाही.

"कपाळ तुमच्यावानी हुतं," ती म्हणाली. "आसंच रुंद."

एवढंच. त्या पोरीबद्दल ती मला एवढंच बोलली, पुढं कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

सोमवारी कचेरीत गेलो. टोपी खुंटीला होती. भाऊसाहेबांनी सगळं ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन चिठ्ठ्या एकदम माझ्या हातात दिल्या. त्या हातात धरून मी आत गेलो आणि तिसऱ्या रांगेत, तिथंच, उभा राहिलो. चिंध्या सगळ्या सोडून टाकल्या. फळी ठोकून बसवली. पावसाळ्यात काम सुटलं, ते बरंच झालं. पुढं दोन पोरं झाली, जगली, त्यातली ही धाकटी.

माझा राग कुणावर आहे ते मला पन्नास वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. भाऊसाहेबांवर होता, ते कधीच मेले. पद्धतीवर होता. सगळ्यात जास्त स्वतःवर, शहाणपणा केल्याबद्दल. चिठ्ठीमागं फेरी मारत राहिलो असतो तरी गाडी चुकलीच असती, हे मला कळतं. पण मग निदान डोक्यावर टोपी असती, आणि ओट्यावरचं ते हसणं झालं नसतं.

त्यानंतर तिनं एक खोड धरली. मी बाहेरून आलो की दारातच टोपी काढून घ्यायची आणि खुंटीला लावायची. बाहेर निघालो की हातात द्यायची. घरात टोपी घालू द्यायची नाही. मी चिडायचो, थंडी वाजते म्हणायचो, म्हातारपणी तर फारच भांडलो त्याच्यावरून. टोपी मळते म्हणून करते, असं वाटायचं. काढून घेतल्यावर ती जरा वेळ माझ्या कपाळाकडं बघत राहायची, ते मी बघितलं होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही. लेकीचा तो काळा पडदा आणि मघाच्या जागी परत नेणारी रेघ बघून ओसरीवर आलो, तेव्हा लागला.

ती गेली तेव्हा काढलेली टोपी तेराव्याला परत घातली. आता टोपी घरातही दिवसभर डोक्यावरच असते. आडवा झाल्यावर उशीला घासली की कळतं, काढायची राहिली.